पंचवीस हजारांची काकवी

आमच्या घरात सुगंधावर पैसे खर्च करायची रीत नव्हती. दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला मोती साबण, उन्हाळ्यात घामोळ्यांसाठी पावडरचा डबा आणि लग्नाला गेलं की दारात मनगटाला लागणारं अत्तर, एवढ्यात हौस भागायची. माहेर राहुरीकडचं, ऊसवाल्यांचं. आई देवापुढं लावायची ती उदबत्ती बाजारातली सगळ्यात स्वस्त, आणि तिच्या वासाला आम्ही वर्षानुवर्षं चंदन समजत होतो. पुढं मी नगरला ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला लागले तेव्हा लक्षात आलं, की त्या पुड्यात चंदन औषधालासुद्धा नसणार.

त्यामुळं पुतण्याला परफ्यूमचा नाद लागला तेव्हा घरात सगळ्यांनाच नवल वाटलं. तो पुण्यात नोकरी करतो. पगारातला मोठा हिस्सा फ्लॅटच्या हप्त्यात जातो आणि उरल्यातला बराचसा या नादात. त्याच्यासारखी काही मुलं मिळून एखादी महागडी बाटली घेतात आणि सिरिंजनं मोजून लहान कुप्यांत वाटून घेतात. 2024 च्या दिवाळीत तो घरी आला तेव्हा त्यानं अशीच करंगळीएवढी कुपी माझ्यापुढं ठेवली. शेजारी एक भलीमोठी, सोनेरी झाकणाची बाटली.

“काकू, कुपीतलं ओरिजिनल, बाटलीतली त्याची कॉपी. तू केमिस्ट्रीवाली. फरक सांग. आणि आईला भाव सांगू नको फक्त.”

जाऊबाई आत चकल्या तळत होत्या, म्हणून भाव दबक्या आवाजात सांगितला गेला. कुपीत होतं बाकारा रूज 540. सत्तर मिलिलिटरची बाटली आपल्याकडं पंचवीस हजारांच्या पुढं जाते, म्हणजे एका मिलिलिटरला साडेतीनशे रुपयांच्या वर. कॉपी दुबईकडची, शंभर मिलिलिटरला दोन हजारांच्या आत.

या महागड्या परफ्यूमची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. बाकारा हा फ्रान्समधला स्फटिककाचेचा जुना कारखाना, 1764 सालचा. त्याला अडीचशे वर्षं झाली तेव्हा फ्रान्सिस कुर्कजाँ यांच्याकडून आठवणीदाखल एक सुगंध करून घेतला, तोही मोजक्याच बाटल्यांत. तो गाजला, आणि 2015 मध्ये कुर्कजाँनी तो स्वतःच्या नावाच्या कंपनीतून सगळ्यांसाठी आणला. 540 हे अंश सेल्सिअस. काचेत सोनं मिसळून या कारखान्याचा तो प्रसिद्ध लाल रंग आणायचा तर एवढं तापमान लागतं, असं सांगतात. कुर्कजाँ हे कोवळ्या वयातच नाव मिळवलेले गृहस्थ. 1995 मध्ये ज्याँ पॉल गोतिएसाठी त्यांनी ‘ल माल’ केलं तेव्हा ते पंचविशीत होते. 2017 पासून त्यांची कंपनी एलव्हीएमएच या बड्या समूहाकडं आहे. म्हणजे किमतीत काच आली, सोनं आलं, पॅरिस आलं आणि समूहही आला. मला मतलब होता आतल्या पाण्याशी.

माझी एक जुनी विद्यार्थिनी मुलुंडच्या वझे-केळकर कॉलेजात परफ्युमरीचा पदविका अभ्यासक्रम करून आता याच धंद्यात आहे. तिला फोन लावला. (सुगंध म्हटलं की आपण कनौज नाहीतर पॅरिस असं धरून चालतो. पण मुंबईत केळकरांची एस. एच. केळकर आणि कंपनी 1922 पासून हेच काम करते आहे, आणि आपल्या साबण-पावडरींतले कितीतरी वास अशाच कारखान्यांतून येतात, हे मराठी माणसालाच ठाऊक नसतं.) तिनं बजावलं, “मॅडम, बाटलीच्या तोंडाशी नाक नेऊ नका. कागदावर घ्या, थोडं थांबा, मग हुंगा. आणि नाक थकलं की स्वतःच्या कोपराचा वास घ्या. दुकानात कॉफीच्या बिया देतात, त्यापेक्षा ते बरं.” कोपराचा वास घेताना मला ह्यांनी पाहिलं आणि काही न विचारता पेपर पुन्हा डोळ्यांपुढं धरला.

कॉलेजातून गाळणकागद आणला, पट्ट्या कापल्या, पेन्सिलीनं एकीवर ‘अ’ आणि दुसरीवर ‘ब’ लिहिलं आणि गॅलरीतल्या कपड्यांच्या दोरीला चिमट्यांनी लावल्या. नगरची हवा दिवाळीनंतर कोरडी ठणठणीत. वरवरचा स्पिरिटचा भपका उडायला वेळ लागला नाही. मग मी ‘अ’ हुंगली.

आधी केशर. मधूनच दातांच्या दवाखान्यातला असतो तसा कोरा, औषधी वास. आणि त्या दोघांच्या खालून वर येत गेली ती साखर. पांढरी, डब्यातली साखर नाही. तापलेली, तांबूस होऊन करपायच्या बेतात आलेली.

हा वास मी ओळखत होते. आमच्या वस्तीच्या मागं चुलत्यांचं गुऱ्हाळ होतं. काहिलीत रस उकळायला लागला की भेंडीचं पाणी घालून वर आलेली मळी काढायची, मग रस स्वच्छ होत जायचा, दाटायचा, त्याला बारीक मोठे बुडबुडे यायचे. गुळव्या पाकाचा थेंब थंड पाण्याच्या वाटीत टाकून बोटांनी वळून बघायचा. गोळी झाली की आरोळी, आणि चुलवाणातली चिपाडं मागं ओढायची घाई. या सगळ्या वेळात काहिलीच्या काठावर जो रस उडून चिकटायचा तो मात्र करपायचा. आतला रस गोड वासाचा. काठाचा कडसर, धुराचा, जिभेवर खारट लागेल असं वाटणारा. आम्हा पोरांना काठावरचं खरवडून खायला आवडायचं आणि त्यावरून हातावर फटकेही बसायचे. पंचवीस हजारांच्या बाटलीत जे होतं ते या काठाशी फार जवळचं.

यात योगायोग नाही, रसायन आहे. साखर तापवली की जे असंख्य पदार्थ तयार होतात त्यांत माल्टॉल नावाचा एक असतो. त्याचाच प्रयोगशाळेत जन्मलेला भाऊ एथिल माल्टॉल. निसर्गात तो सापडत नाही आणि वासाला माल्टॉलच्या कितीतरी पट तेज. मिठाई, आइस्क्रीम, सरबतं यांत तो आधीपासून होता. 1992 मध्ये थिएरी म्यूग्लेरच्या ‘एंजल’मध्ये तो सढळ हातानं वापरला गेला आणि तेव्हापासून खाऊच्या वासाची परफ्यूमं असा एक प्रकारच रुळला. बाकारा रूजमधली साखरही त्याचीच. तिला जोड आहे ती अँब्रॉक्सानसारख्या अंबरी रेणूंची. अंबर म्हणजे तेच, ज्याच्या तस्करीच्या बातम्या कोकणातून ‘व्हेल माशाची उलटी पकडली’ अशा मथळ्यानं येत असतात. आपल्याकडं त्याचा व्यापार कायद्यानं बंद आहे, आणि परफ्यूमवाल्यांना त्याची गरजही उरलेली नाही. सेज जातीच्या एका झुडपापासून मिळणाऱ्या द्रव्यातून अँब्रॉक्सान तयार होतं.

मग तळाला, संध्याकाळी उरला तो कोरडा लाकडी वास, आणि त्यात पुन्हा एक ओळखीचा गडी. मी स्वयंपाकघरात जाऊन मसाल्याचा डबा उघडला. दगडफूल. युरोपातल्या ओकच्या झाडांवर वाढणारं एक दगडफूल परफ्यूममध्ये शतकभर वापरलं गेलं; त्यानं काहींच्या त्वचेला त्रास होतो म्हणून अलीकडं त्याच्या वापरावर मर्यादा आल्या आणि त्याच्या जागी एव्हर्निल नावाचा कृत्रिम रेणू आला. तो यात आहे. काळ्या मसाल्यात आपण घालतो ते दगडफूल त्याच गोतातलं. डब्यातला वास अधिक मातकट, तेलकट. कागदावरचा धुऊन वाळवल्यासारखा. पण नातं लपत नव्हतं.

आता ‘ब’. पहिल्या तासाभरात मला फरक सांगता आला नसता, हे स्पष्ट लिहिते. ह्यांच्या नाकापुढं आलटून पालटून पट्ट्या धरल्या तर ह्यांनी दोन्ही वेळा “हीच” म्हणून बोट केलं ते वेगवेगळ्या पट्टीकडं. फरक दिसायला लागला तो दुपारनंतर. ‘अ’ विरळ होत गेली, पण तिच्यातली प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी राहिली. साखर मागं सरकली, लाकूड पुढं आलं. ‘ब’मध्ये मात्र मांडवात सगळे वऱ्हाडी एकदम बोलायला लागावेत तसं झालं. गोडपणा तसाच ठणकत राहिला आणि त्याच्या खालून एक टोकदार, प्लास्टिकसारखा वास वर आला. तिसऱ्या दिवशीही दोरीवरची ‘ब’ पट्टी वास देत होती, आणि दोरीवर वाळत घातलेल्या टॉवेलालाही तो लागला होता. टिकाऊपणालाच गुण मानायचं तर कॉपी जिंकली.

नक्कल एवढी जवळ कशी येते, हे विद्यार्थिनीला विचारलं. तिच्या दृष्टीनं त्यात जादू काही नव्हती. बाटली विकत आणायची, गॅस क्रोमॅटोग्राफीच्या यंत्रात टाकायची, आतले घटक प्रमाणासकट कागदावर उतरतात. खरा गुलाब, खरी जाई असली की यंत्राची पंचाईत होते, कारण त्या एकेका तेलात शेकडो घटक असतात आणि कुठल्या शेतातलं, कुठल्या हंगामातलं यावर ते बदलतात. बाकारा रूजचा कणा कृत्रिम रेणूंचा, म्हणून नकलेला सोपा. शिवाय कायद्याचा अडसर फारसा नाही. फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयानं 2006 मध्ये सुगंध ही कलाकृती म्हणून संरक्षणाला पात्र नाही असं म्हटलं. गंमत म्हणजे त्याच वर्षी नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयानं लांकोमच्या ‘ट्रेझोर’बद्दल नेमकं उलट सांगितलं. नाव आणि बाटली उचलली तर ती चोरी. नुसता वास उचलला तर बहुतेक ठिकाणी धंदा.

डिसेंबरात दादा आला, मार्केट यार्डातलं काम उरकून. माझा थोरला भाऊ. चहा टाकला आणि काही न सांगता त्याच्या मनगटावर कुपीतला एक फवारा मारला. त्यानं हात नाकाशी नेला, लांब केला, पुन्हा नेला.

“काकवी लागली की ही. काहिल उतरवायला उशीर केला कुणीतरी.”

“किंमत सांग.”

“ह्याची? शंभर-दोनशे?”

खरी किंमत ऐकल्यावर त्यानं चहाची बशी खाली ठेवली आणि हिशेब मांडला. त्या हंगामाची एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान भाव, सव्वादहा टक्के उताऱ्याला टनाला 3,400 रुपये. “म्हंजे सात टन ऊस गं. तोडणी-वाहतूक कापायच्या आधी.” मग थोड्या वेळानं, “आन वास आपल्याच काहिलीचा.”

दादा गेल्यावर मी तो हिशेब पुढं चालवला, कारण बाटलीत मुख्य माल सुगंध नसतोच. या प्रकारच्या परफ्यूममध्ये सुगंधी द्रव्य साधारण पंधरा-वीस टक्के. बाकी जवळजवळ सगळा अल्कोहोल. फ्रान्समध्ये तो बहुधा बीटापासून काढतात. आपल्याकडं मळीपासून. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी, धनंजयराव गाडगीळांच्या साथीनं, सहकारी साखर कारखाना उभा केला तो 1950 च्या सुमारास. त्यानंतर संगमनेर, कोपरगाव, राहुरी, नेवासा असं करत अख्खा जिल्हा चिमण्यांनी भरला आणि कारखान्यांमागोमाग डिस्टिलऱ्या आल्या. टनभर उसातून चाळीसएक किलो मळी निघते आणि टनभर मळीतून सव्वादोनशे-अडीचशे लिटर अल्कोहोल. म्हणजे दादाच्या सात टनांतून, साखर तर झालीच, वर साठेक लिटर अल्कोहोल. बाटलीला लागतो तो साठ मिलिलिटरच्या आत. हंगामात श्रीरामपूरच्या रस्त्यानं एसटीतून जाताना जो आंबूस, जड वास खिडकीतून येतो आणि पाहुणे ज्याला नाक मुरडतात, त्याच वासाचा शुद्ध करून गंधहीन केलेला चुलतभाऊ पॅरिसच्या बाटलीत सुगंध वाहून नेण्याचं काम करतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, पुस्तकात मात्र सगळं होतं. मीच शिकवत होते.

तोवर कुपी कॉलेजातही नेऊन आणली होती. स्टाफरूममध्ये एक गमतीचा अनुभव आला. दुपारपर्यंत मला स्वतःला काहीच वास येईना, वाटलं, उडालं. तेवढ्यात इतिहासाचे सर दारातून आत येता येताच म्हणाले, “कुणी केशरी पेढे आणलेत का?” या रेणूंचं असंच असतं म्हणे. लावणाऱ्याचं नाक त्यांना सरावतं आणि काहींना तर विशिष्ट कस्तुरीसारखे रेणू जन्मतःच येत नाहीत. आजूबाजूच्यांना मात्र येत राहतात. महागडी वस्तू अंगावर असावी आणि ती दुसऱ्यांनाच भोगायला मिळावी, हा सौदा मला काही फार पटला नाही.

सरांना सगळा प्रकार सांगितला. ते हसले आणि म्हणाले, हा वाद आपल्या किल्ल्यात होऊन गेलाय. 1942 ते 45 या काळात काँग्रेसचे नेते नगरच्या भुईकोट किल्ल्यात कैदेत होते. तिथं मौलाना आझादांनी जी पत्रं लिहिली ती पुढं ‘गुबार-ए-खातिर’ म्हणून छापली गेली. मौलाना व्हाइट जॅस्मिन नावाचा चिनी चहा पीत, बिनदुधाचा, आणि त्यातली साखरही त्यांना अगदी स्वच्छ, निर्मळ हवी असे. जवाहरलाल गोडाचे शौकीन, त्यांना गूळही चाले. साखरे-साखरेतला फरक जवाहरलालना जाणवावा म्हणून आपण खूप प्रयत्न केला पण जमलं नाही, असं मौलानांनी लिहून ठेवलंय. मला हे ऐकून फार बरं वाटलं. फरक खरा असतो; तो न कळणारा माणूसही अगदीच काही गावंढळ नसतो. डिस्कव्हरी ऑफ इंडिया त्याच किल्ल्यात, गूळ खाणाऱ्यानं लिहिलं.

राहता राहिलं अत्तर. कापड बाजाराच्या बाजूला एक जुनं अरुंद दुकान आहे, दोन माणसं उभी राहिली की भरतं. मोहरमच्या आणि ईदच्या दिवसांत तिथं पाय ठेवायला जागा नसते. एरवी दुपारी चाचा एकटे बसलेले असतात. काचेच्या लांबोडक्या कुप्या, प्रत्येकीत काचेची कांडी. मी आधी बाकारा रूजचंच नाव घेतलं. त्यांनी वर न बघता “पाचशे चाळीस?” म्हणून एक कुपी काढली. नगरच्या बाजारात तिला नुसता नंबर पुरतो. शंभर-दीडशे रुपयांत लहान बाटली. हाताच्या पाठीवर कांडी फिरवली. साखर होती, केशर, लाकूड, दगडफूल यांतलं काही नव्हतं. जत्रेतल्या बुढ्ढी के बालची गाडी शेजारी उभी राहावी, एवढंच.

“ताई, हे पोरं नेतात. तुम्ही कशाला घेता?” चाचा म्हणाले. “हिना बघा. पण हिना आत्ता, थंडीत. उन्हाळ्यात हिना डोक्याला चढतो. उन्हाळ्याला खस, गुलाब, केवडा. हिशेब असतो त्याचा.”

असली आहे का, हे विचारल्यावर त्यांनी मला दुकानाच्या मागच्या बाजूची, जाड काचेची एक कुपी दाखवली. हातात मात्र दिली नाही. कनौजला तांब्याच्या देगेत फुलं घालतात, बांबूच्या नळीतून वाफ भपका नावाच्या भांड्यात उतरवतात आणि ती चंदनाच्या तेलात मुरते. कनौजच्या या अत्तराला 2013 पासून भौगोलिक मानांकनही आहे. पण चंदनाचं तेल इतकं महागलं की त्याच्या जागी पातळ पॅराफिन आणि तत्सम तेलं सर्रास आली. “गुलाबाची असली रूह तुम्हाला परवडायची नाही,” चाचा म्हणाले, आणि जरा थांबून, “मलाही नाही. ही वडिलांच्या वेळची आहे.” बाकीच्या कुप्यांत काय आहे ते त्यांनी न विचारता सांगितलं: यात निम्मं असली, यात कंपनीचं, यात फक्त नाव. इतका सरळ बोलणारा विक्रेता मला पुण्याच्या मॉलमधल्या काउंटरवर भेटला नव्हता. तिथं परफ्यूमच्या पट्टीबरोबर ‘आत्मविश्वास’, ‘व्यक्तिमत्त्व’ असले शब्द फुकट मिळाले होते.

खसाची कांडी त्यांनी दुसऱ्या मनगटावर फिरवली. हिरवा, थंड, ओल्या मुळांचा वास, खाली किंचित धूर. वाळाच तो. माठात टाकायची जुडी, लहानपणी खिडकीला बांधलेल्या आणि पाणी मारलेल्या ताट्या. पॅरिसची मोठमोठी घराणी याच गवताच्या मुळांच्या तेलावर पुरुषांची परफ्यूमं उभी करत आली आहेत. तेल येतं हैतीहून, जावाहून. पुतण्याच्या यादीत तसलं एक आहे, दहा-बारा हजारांचं. मी पाव तोळा खस घेतला, काही शेकड्यांत. तोही पुरता असली नव्हता, चाचांनीच सांगितलं. तरी रात्री उशीवर ठेवलेल्या हातातून तो येत राहिला तेव्हा पैसे वसूल झाले असं वाटलं.

खरी कसोटी मे महिन्यात लागली. भाचीचं लग्न, मनमाड रस्त्यावरचं मंगल कार्यालय, वर पत्रा, बाहेर चाळीसच्या वरचं ऊन. सीमांतपूजनाला मी कॉपी लावून गेले. तिची तारीफ झाली, अगदी गळ्यात पडून झाली. “काय लावलंस गं, लई भारी” असं विचारत बायका जवळ आल्या, एकीनं बाटलीचा फोटो मागितला. लग्नाच्या दिवशी ओरिजिनल लावलं. कुणी चकार शब्द काढला नाही. फक्त नवरीच्या केसात शेवंती माळायला मी वाकले तेव्हा तिनं मान न हलवता विचारलं, “मावशी, तुझ्या अंगाला कसला छान वास येतोय? गुळपोळीसारखा, पण गुळपोळीचा नाही.” एवढं नेमकं वर्णन माझ्यानं झालं नव्हतं. दुपारच्या पंगतीपर्यंत मात्र घाम, फुलं, तूप आणि जनरेटरच्या धुरात दोन्हींची मातब्बरी संपली होती, आणि मी पर्समधून खस काढून कानामागं लावला.

तर पुतण्याच्या प्रश्नाला माझं उत्तर असं ठरलं. ओरिजिनल चांगलं आहे, कॉपीपेक्षा निश्चित चांगलं आहे, आणि त्यातला फरक पाहायला एक दिवस आणि थोडं शांत नाक लागतं. कार्यालयात, लग्नात, गर्दीत लावायचं-मिरवायचं असेल तर कॉपी घ्यावी आणि निम्मीच फवारावी. पंचवीस हजार द्यावेत की नाही हे ज्याचं त्यानं बघावं, पण मी देणार नाही, आणि त्याचं कारण पैसा एवढंच नाही. पॅरिसच्या माणसाला करपती साखर आणि केशर अंगाला लावणं ही अपूर्वाई आहे. माझ्या नाकाला त्यात चुलत्यांचं गुऱ्हाळ येतं, आणि ते आलं की मी परफ्यूम लावलेली बाई राहत नाही, काहिलीचा काठ खरवडणारी पोर होते. वर्गात उभं राहायला ते सोयीचं नाही. पुतण्याला हे फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, “काकू, हाच तर रिव्ह्यू असतो.” जाऊबाईंना भाव शेवटी कळलाच. त्यांनी त्याच्याशी दोन दिवस अबोला धरला आणि मग भिशीच्या बायकांकडं जाताना कॉपीची बाटली मागून घेतली.

कुपीत तळाला थोडं उरलं होतं. बारावीला एस्टरचं प्रॅक्टिकल घेताना दरवर्षी केळ्याच्या आणि नाशपतीच्या वासापलीकडं मुलांना काही सांगता येत नाही, म्हणून यंदा गाळणकागदाच्या पट्ट्यांवर ते शेवटचे थेंब टाकून बेंचांवरून फिरवले आणि वास ओळखायला सांगितला. शहरातल्या सावेडीच्या मुलांनी कॅरमल म्हटलं, पॉपकॉर्न म्हटलं. सोनईकडून एसटीनं येणाऱ्या एका मुलीनं पट्टी हुंगून लगेच “गुऱ्हाळ” म्हटलं आणि वर्ग हसला म्हणून लाजली. मी तिला बरोबर दिलं. फळ्यावर एथिल माल्टॉलची रचना काढली, किंमत सांगितली, बाटलीत बाकी काय असतं तेही सांगितलं. मागच्या बेंचवरून हात वर आला.

“मॅडम, ऐंशी टक्के अल्कोहोल? मग ते प्यायलं तर?”

परफ्यूममधला अल्कोहोल मुद्दाम कडू करून पिण्यालायक ठेवलेला नसतो, असं सांगून मी त्याला जर्नल दाखवायला बोलावलं. ते अर्धवट होतं.